वाघाची दुसरी उडी

शेजारची चक्की सुरू झाली की आमच्या घरातला दिवा मान टाकायचा. आधी पट्ट्याची फटफट, मग दगडांची घरघर, आणि त्यासरशी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मधोमध आक्रसून काळा. सकाळपासून टाइप केलेलं सगळं पाण्यात. मी ओरडायचे, आणि माय स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणायची, "दयन आलं असंल कोनाचं." तिला वाटायचं, कारण कळलं की राग जातो. माझा जात नसे, अजूनही जात नाही. आता माझ्या टेबलाखाली वीज गेली तरी काम चालू ठेवणारी पेटी आहे, पण सोसायटीत कुणाचा मिक्सर घरघरला की माझा हात आपोआप सेव्ह करायला धावतो. सून हसते. हसू दे. तिला चक्कीशेजारी बसून प्रोग्राम लिहावा लागलेला नाही.

आमचं घर बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडचं, म्हणजे मिरचीचं. पावसाळ्याच्या मध्यावर तोडा सुरू झाला की अंगणात हिरव्या मिरच्यांचे ढीग, बारदानाचे गठ्ठे, दाभण-सुतळी आणि तोडणाऱ्या बायांची बडबड यांतून वाट काढत घरात शिरावं लागे. संध्याकाळी माल बाजारात गेला की माय ताकाच्या गंजात दोन्ही हात बुडवून ओट्यावर बसायची. बोटांची आग उतरेपर्यंत तिच्याशी कुणी बोलत नसे. घरात कुणी शिंकलं तर सर्दी झाली का, असं विचारायची पद्धतच नव्हती. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, वरून तेल. आणि एवढ्यावर बाबांना पुन्हा ताटात एक कच्ची मिरची लागायची. माझा कॉम्प्युटर ओसरीच्या कोपऱ्यात होता, कारण प्लग तिथंच होता. मागे पोत्यांची थप्पी. कीबोर्डच्या फटींत तिखट इतकं बसलं होतं की जोरात बटण दाबलं की मला शिंक येई, आणि शिंकेच्या धक्क्यानं दुसरं बटण दाबलं जाई.

तो कॉम्प्युटर तरी कसला! औरंगाबादला माझ्या आत्याच्या घरी राहून मी वर्षभराचा कोर्स केला होता. आत्याच्या यजमानांच्या ऑफिसनं तो मोडीत काढला, आणि मिरची टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून, गोधडीत गुंडाळून, मी तो धाडला आणला. हार्ड डिस्क मेलेली. दोन फ्लॉप्यांचे खण, एक घाला, एक काढा. कोर्सला शिकवणारे पाटणकर सर त्याच सुमारास दोन खोल्या घेऊन स्वतःचं काम सुरू करत होते. मोठ्या संस्थांत युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर चालणारे प्रोग्राम लहान कारखान्यांना त्यांच्या साध्या डॉसच्या यंत्रांवर हवे असायचे. ते इकडून तिकडे आणून चालते करायचे, हे सरांचं काम. त्यांना एक माणूस हवा होता. त्यांनी मला परीक्षा म्हणून एक खेळ दिला.

खेळ वाघ-बकरीचा. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या पोरांनी लिहिलेला, आणि लिहून जगाला देऊन टाकलेला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, वाटावा. फक्त लिहिणाऱ्यांची नावं पुसू नयेत. ओपन सोर्स हा शब्द आमच्या कानावर तोपर्यंत आला नव्हता. सर एवढंच म्हणाले, "हा कुणाच्या मालकीचा नाही. तू बिघडवलास तरी कोणी रडत येणार नाही. डॉसवर जसाच्या तसा चालवून दाखव. दसऱ्यापर्यंत जागा तुझ्यासाठी ठेवतो." त्यांनी मूळ प्रोग्रामच्या फ्लॉप्या दिल्या आणि प्रोग्रामचं यंत्राला कळेल असं रूप करणारा त्यांचा कंपायलर उसना दिला. मूळ खेळ मी त्यांच्या पडद्यावर चहा संपेपर्यंत पाहिला. पट, चार वाघ, बकऱ्या मांडणं चाललेलं. एवढंच. पुढे मला जे भोगावं लागलं, ते त्या चहाच्या कपात होतं. तो डाव तेव्हाच शेवटपर्यंत पाहिला असता तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

इकडे बाबांनीही दसराच धरला होता. बीएस्सी झाली, कोर्सचं खूळ झालं, आता बीएड करावं आणि जिल्हा परिषदेत मास्तरीण व्हावं, हा त्यांचा बेत. वाईट बेत नव्हता. बाबा वाईट माणूस नव्हते. "दसऱ्यालोक काय त्या डब्ब्याशी डोकं फोडाचं ते फोड," ते म्हणाले, "त्याच्यानंतर बुलडान्याले बीएड. मंग मले कोनाचं आयकाचं नाही." मला मुलं आवडत नव्हती आणि खडूचा आवाज सहन होत नव्हता. मला त्या दोन खोल्या हव्या होत्या. आयुष्यात इतकं स्वच्छपणे मला दुसरं काही हवं झाल्याचं आठवत नाही.

आता हे काम कसलं, ते सांगते. आत्याला मराठवाड्यात दिली तेव्हा तिथली परात वेगळी, चूल वेगळी, सरपण वेगळं, पाणी वेगळं. भाकर मात्र आमच्याकडची तशीच व्हायला हवी होती. तसं. खेळाचं पीठ तेच, पण डॉसच्या घरी एकेक भांडं लहान. तिथं फायलीच्या नावाला आठच अक्षरं चालायची. मूळ खेळात लांबलचक नावांच्या फायली, आणि त्यांतल्या दोघींची पहिली आठ अक्षरं सारखी. कॉपी करताना दुसरी पहिलीवर बसली आणि पहिली गिळली गेली, आणि यंत्रानं हूं की चूं केलं नाही. ते मला कळायला अर्धा पावसाळा गेला. आकडा जरा मोठा झाला की एकदम उणे व्हायचा, आणि जिंकत आलेला वाघ आपण हरलो समजून गप्प बसायचा. पडद्यावर पट काढायची हत्यारं तिकडची, ती इकडे नव्हतीच. प्रत्येक रेघ मी हातानं मांडली. एक दुरुस्त करावं तर दोन मोडायची. आणि जमलं असं वाटेपर्यंत कुणाचं तरी दळण यायचं. मी चक्कीवाल्या काकांकडे जाऊन हात जोडले की जरा दुपारी तरी बंद ठेवा. ते म्हणाले, "बाई, लाईनच दुपारी राह्यते. मंग लोकायनं काय ज्वारी चाऊन खावं?"

घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं, ते म्हणजे मोठेबाबा. बाबांचे थोरले भाऊ. मोठीमाय जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेत त्यांनी कधीच बाबांवर सोपवलं होतं, आणि स्वतः वाघ-बकरी खेळले. चेष्टा नाही, पारावरच्या फरशीवर कोरलेल्या पटावर त्यांच्या वाघांपुढे बकऱ्या घेऊन कोणी जिंकल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. रोहिणखेडहून, वडनेर भोलजीहून माणसं बाजाराच्या दिवशी मुद्दाम खेळायला यायची. पण त्यांचे जोडीदार इस्माईलचाचा वारले, गुडघे गेले, पारापर्यंतचा रस्ता लांब झाला, आणि मोठेबाबा ओसरीवर भिंतीला टेकून दिवसभर चिंचोके इकडचे तिकडे करत बसू लागले. पडद्यावर मी पहिल्यांदा पट काढला, तेव्हा ते गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि पोत्यावर येऊन बसले. "हा तं आपला पट हाय वं," ते म्हणाले. "तुहा डब्बा बकऱ्या खेळते?"

"खेळते. तुम्ही वाघ घ्या."

पहिला पूर्ण डाव ज्या दिवशी चालला, त्या दिवशी मी मायला हात धुवून बोलावून आणलं. मोठेबाबांनी चार वाघ घेतले. मशीन एकेक बकरी मांडत गेलं. मोठेबाबा बोटानं दाखवायचे, मी बटणं दाबायचे. त्यांनी एक बकरी उघडी पाडली, म्हणजे तिच्यामागचं घर रिकामं, वाघानं उडी मारून ती खाल्ली, आणि पलीकडे लगेच दुसरी उघडी. "आता हे," मोठेबाबांनी बोट ठेवलं. मी बटण दाबलं. यंत्र पीं करून ओरडलं, आणि बकरीची पाळी झाली.

"काऊन?" मोठेबाबा म्हणाले.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा पीं.

"पोरी, तुहा वाघ बिमार हाय. एक बकरी खाल्ली अन् बसून राह्यला. समोर दुसरी हाय, दिसून नाही राह्यली त्याले?"

धाडचा वाघ असा खातो: एका उडीनंतर समोर दुसरी बकरी उघडी असेल तर तो त्याच दमात दुसरी उडी मारतो, तिसरी असेल तर तिसरी. लहानपणी मी चिंचोक्यांनी असंच खेळले, माय असंच खेळली, इस्माईलचाचा असंच हरले. आमच्या घरात, गल्लीत, गावात कुणाच्याही मनात आलं नाही की वाघ दुसरीकडे वेगळा खात असेल. तुम्ही वाचताय म्हणून तुम्हाला लगेच कळलं. आम्हाला कुठून कळणार? मुंगी साखर खाते तशी ती गोष्ट होती. मी धरून चालले की दुसरी उडी मूळ खेळात आहे आणि ती माझ्या हातून वाटेत सांडली.

मग मी ती शोधायला बसले. सारा श्रावण आणि अर्धा भादवा शोधली. वाघाची फाइल ओळ न ओळ वाचली. उडी आहे, बकरी मरते, पाळी बदलते. दुसऱ्या उडीचं नाव नाही. मग नक्कीच त्या गिळल्या गेलेल्या फायलीत असेल! ती मी मूळ फ्लॉपीवरून नाव बदलून पुन्हा काढली, तर तिच्यात नुसता पट रंगवायचा मजकूर. म्हणजे आणखी एखादी फाइल फ्लॉपीवर आलीच नाही की काय? मी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन, मागे मिरचीचे व्यापारी भाव विचारायला ताटकळत असताना, सरांना फोन लावला. "सर, एक फाइल कमी आहे. वाघाची उडी अर्धीच राहते."

"फायली सगळ्या आहेत. तुझ्याच बदलांत कुठंतरी गडबड असेल. नीट बघ," सर म्हणाले, आणि मागचा व्यापारी म्हणाला, "ताई, आटपा जराशिक."

काय चूक होती सरांची? काहीच नाही. मी म्हटलं उडी अर्धी, त्यांना वाटलं पडद्यावर वाघ मध्येच लटकतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि मी घरी येऊन पुन्हा आकडे तपासत बसले. त्या दिवसांत मी सगळ्यांवर डाफरत होते. मायनं केलेल्या पातोडीच्या भाजीत मीठ जास्त म्हणून ताटावरून उठले. मीठ जास्त नव्हतं. बाबा येताजाता म्हणायचे, "वाघ आयकून नाही राह्यला काय? बीएडवाले आयकतीन." आणि मोठेबाबा रोज दुपारी पोत्यावर येऊन बसायचे, एक डाव खेळायचे, वाघ थांबला की माझ्याकडे बघून मान हलवायचे. डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं. मला ओरडावंसं वाटायचं.

शेवटी मी सांडलेली गोष्ट शोधणं सोडलं आणि ती स्वतः लिहिली. वाघानं उडी मारली की पाळी बदलण्याआधी चहूबाजूंना बघायचं. बकरी उघडी असेल तर पुन्हा उडी. थोड्याशा ओळी, पण त्या आल्या आणि बकऱ्यांची अक्कल बिघडली, कारण वाघ दोनदा खाईल हे त्या धरतच नव्हत्या. मग त्यांनाही शिकवलं. ते शिकवताना आणखी सतरा ठिकाणी हात घालावा लागला. दसरा जवळ आला होता. आणि एका दुपारी, चक्की बंद असताना, मोठेबाबांच्या वाघानं एका दमात दोन बकऱ्या खाल्ल्या.

मोठेबाबांनी पडद्याला, वाघ होता त्या जागी, हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग म्हणाले, "आता खेळ झाला." त्या दिवसापासून त्यांना मी नको होते. बाणाची बटणं त्यांनी स्वतः शिकून घेतली, आणि ओसरीवरून दिवसभर बटणांचा टपटप आवाज आणि "घे, अजून घे" असं ऐकू येऊ लागलं. तोडायला आलेल्या बाया भाकर खायला बसल्या की खिडकीतून डाव बघायच्या. माझं काम झालं होतं. मी इतकी खूश होते की मायच्या हातच्या भाजीला मी आपणहून चांगलं म्हटलं.

औरंगाबादला सरांनी फ्लॉपी घातली, खेळ सुरू झाला, पट बघून "वा" म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट केली जिची मला कल्पना नव्हती. त्यांच्याकडे युनिक्सवर खेळलेले डाव चालीवार साठवलेले होते. तेच डाव त्यांनी माझ्या खेळात घातले. दोन्ही पडदे शेजारी. तीच चाल, तेच उत्तर. मी ओठ घट्ट मिटून बघत होते. मग वाघानं एक बकरी खाल्ली. युनिक्सवर बकरीची पाळी झाली. माझ्या पडद्यावर वाघ दुसऱ्या उडीसाठी थांबून राहिला.

सरांनी दुसरा डाव घातला. तिसरा. तेच.

"नंदा, हा फार चांगला खेळ आहे," सर म्हणाले. "पण हा तो खेळ नाही."

"सर, ती उडी हरवली होती. मी परत घातली. वाघ असाच खातो."

"कुठे असाच खातो?"

मी तोंड उघडलं. सगळीकडे, असं म्हणणार होते. पण आठवला तो फक्त धाडचा पार.

सर रागावले नाहीत, हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो. त्यांनी सांगितलं की मूळ खेळात वाघ एका पाळीला एकच उडी मारतो. त्यात चूक काही नव्हती. म्हणजे श्रावणाच्या आधी, ज्या दुपारी मायला हात धुवून बोलावून आणलं, त्या दुपारचं माझं काम बरोबर होतं. पुढचे सगळे दिवस मी बरोबर असलेली गोष्ट मोडण्यात घालवले, आणि मोडून झाल्यावर आनंदानं जेवले! सर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत जागा आहे. हे साठवलेले डाव घेऊन जा आणि मूळ वाघ परत आण. आणि नुसत्या चाली जुळल्या म्हणजे झालं असं नाही. कुणालातरी समोर बसवून लांबलांब डाव खेळून घे, कुठं अडकतो का बघ." एसटीत धाडपर्यंत मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, गाडी लागते का? मी हो म्हटलं.

घरी आले ती पायातली चप्पल न काढता ओसरीवर. मोठेबाबा खेळतच होते.

"तुमच्या वाघापायी माही नोकरी चालली," मी म्हणाले.

त्यांनी शांतपणे डाव थांबवला. मी सगळं सांगितलं, ओरडूनच. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पन वाघ तं तसाच खाते."

"तिकडं नाही खात!"

"कुठं तिकडं?"

"ज्यांनी खेळ लिहिला त्यांच्याकडं."

"त्यायनं वाघ पाह्यला हाय काय कधी?"

मायनं आतून मला हाक मारली, नाहीतर मी काय बोलले असते कोण जाणे. बाबा दारात उभे होते. त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बीएडचं काहीही न बोलता बैलांना पाणी दाखवायला गेले. ते मला जास्त लागलं.

माझी दुरुस्ती एका जागी असती तर उपटून काढता आली असती. ती सतरा ठिकाणी शिरली होती, आणि तोवर जुनी प्रत मी कधीच पुसली होती. कोऱ्या फ्लॉप्या मिळायला बुलडाणा गाठावं लागे. म्हणून मी सरांच्या मूळ फायली घेऊन माझ्या फायलींवर घातल्या आणि आठ अक्षरांपासून पुन्हा सुरुवात केली. एकदा चाललेल्या वाटेनं पुन्हा चालणं सोपं असतं म्हणतात. जे म्हणतात त्यांनी ते केलेलं नसतं. प्रत्येक खड्डा माहीत असतो आणि तरी पाय त्यातच पडतो. चाली जुळल्या. आता समोर बसून खेळणारं माणूस हवं होतं. बाबांना वेळ नव्हता, मायची बोटं पेटलेली. मी स्वतः लिहिलेला खेळ स्वतः खेळून उपयोग नसतो. आपण आपल्या खड्ड्याला वळसा घालूनच जातो.

"मी नाही खेळत," मोठेबाबा म्हणाले. "बिमार वाघ घेऊन बसा म्हंतेस मले? या वयात?"

मी विनवलं नाही. मला त्यांचा राग होता. मी मशीन चालू ठेवून आत जाऊन भाकरी थापायला बसले, आणि माझ्या भाकरी कधीच गोल आल्या नाहीत, त्या दिवशी तर नावालाही नाही. थोड्या वेळानं ओसरीवरून बटणाचा आवाज आला. मग पीं. मग शांतता. मग पुन्हा पीं.

त्यांचा हात ऐकत नव्हता. आयुष्यभराची सवय, एक बकरी खाल्ली की बोट आपोआप दुसरीकडे जायचं आणि यंत्र ओरडायचं. खिडकीतून बघणाऱ्या बायांना तो आवाज फार आवडला. पीं झालं की त्या हसायच्या. मोठेबाबा हरले. धाडच्या वाघाला यंत्राच्या बकऱ्यांनी कोपऱ्यात कोंडलं, दिवसाउजेडी, बायांच्या देखत. ते उठतील असं मला वाटलं. त्यांनी धोतरानं चष्मा पुसला आणि नवा डाव मांडला. रोज दुपारी ते बसले. रोज हरले, मग कमी हरले. एक डाव इतका लांबला की मशीन खरंच अडकलं, आणि मला एक आकडा सापडला जो मी दोन्ही वेळा दुरुस्त करायला विसरले होते. दसऱ्याच्या तोंडावर मी पुन्हा औरंगाबादला गेले, आणि सरांनी नेमकी तीच जागा तपासली.

"सोमवारपासून ये," सर म्हणाले. मी कंपायलरची फ्लॉपी त्यांच्या टेबलावर ठेवली, खेळाची प्रत त्यांना दिली, आणि धाडला परत आले ती घरात सगळ्यांना पेढे देत. बाबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "मास्तरीन झाली असती तं घरी राह्यली असती," आणि मग दुसरा घेतला. माय माझी पेटी भरायला लागली. कपड्यांच्या घडीत ठेच्याची बरणी. मोठेबाबा ओसरीवर मशीनसमोर बसलेले होते, पण खेळत नव्हते. मशीन मी इथंच ठेवून जाणार होते.

"झालं ना तुहं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं, मोठेबाबा."

"मंग आता माहा वाघ वापस घाल."

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. त्यांचा वाघ होता त्याच फ्लॉपीवर मी मूळ फायली घातल्या होत्या. त्या ओळी मी पुन्हा लिहू शकले असते, एका दुपारी, पण लिहून उपयोग नव्हता. ज्यानं त्या चालत्या व्हायच्या तो कंपायलर सकाळीच सरांच्या टेबलावर ठेवून आले होते. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, समजलं नसेल. शेवटी मी म्हणाले, "तो पुसला."

"पुसला," ते म्हणाले.

पडद्यावर चारही कोपऱ्यांत वाघ बसले होते, पहिल्या बकरीची वाट बघत. शेजारी चक्कीचा पट्टा फटफटायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सेव्ह करायला हात पुढे केला नाही.

"मंग तू गेल्यावर मी कोनाशी खेळू?" मोठेबाबा म्हणाले. "याच्याशी?"

पडदा काळा झाला. माय आतून जेवायला हाका मारत होती, आणि आम्ही दोघंही उठलो नाही.